चेंडूचा पंच आणि माणसांचा पंच

डिसेंबर २०१८ची गोष्ट आहे. आमच्या उर्दू हायस्कूलच्या मुलींचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच शालेय स्पर्धेत उतरला होता. शाळेत बास्केटबॉलचं मैदान नव्हतं. मोहल्ल्यातल्या एका वेल्डरने लोखंडी पाइपावर रिंग बसवून दिली होती, तिच्याखाली मुली वर्षभर घाम गाळत होत्या. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. क्रीडाशिक्षकांची जागा रिकामी असल्यामुळे संघ घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे आलं.

सामना सुरू होण्याआधी पंच आमच्याकडे आले. आठवीतल्या एका मुलीच्या डोक्याला काळा स्कार्फ होता. घट्ट बांधलेला, पिन नाही, सुटं टोक नाही. पंच म्हणाले, "डोक्यावर काही चालत नाही. नियम आहे." त्यांचा सूर वाईट नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बेटा, नियम म्हणजे नियम." ती काही न बोलता बाकावर जाऊन बसली. आमच्याकडे सातच खेळाडू होत्या आणि ती त्यातली सर्वांत चपळ. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "सर, वो नियम आपने पढ़ा है क्या?"

मी वाचला नव्हता. घरी येऊन वाचला, तेव्हा कळलं की तो नियम आदल्या वर्षीच, १ ऑक्टोबर २०१७ पासून, बदललेला होता. पंचांना ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्हा दोन मोठ्या माणसांच्या अज्ञानाची किंमत एका तेरा वर्षांच्या मुलीने मोजली. त्या रात्रीपासून मी पंच या माणसाबद्दल वाचू लागलो. हा माणूस येतो कुठून, घडतो कसा, आणि त्याच्या हातात शिट्टी कोण देतं?

दोन पंच, दोन कामं

बास्केटबॉल हा असा मोजक्या खेळांपैकी आहे ज्याचा जन्मदिवस सांगता येतो. २१ डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड गाव, तिथलं वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय. कॅनडात जन्मलेले जेम्स नेस्मिथ तिथे शिक्षक होते. लहानपणीच आईवडील गेलेला हा माणूस धर्मशास्त्र शिकून आला होता. हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जात आणि व्यायामशाळेत कवायत करून मुलं कंटाळत. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना दोन आठवड्यांची मुदत देऊन सांगितलं, बंद जागेत खेळता येईल असा खेळ शोधा. मुलं धडपडी होती, त्यामुळे एकमेकांची हाडं मोडणार नाहीत हे पाहणंही आलंच.

नेस्मिथनी तेरा नियम लिहिले, सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, फुटबॉल घेतला आणि वर्गातल्या अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला.

हे तेरा नियम वाचताना एक गोष्ट मला थांबवून गेली. त्यातले दोन नियम पंचांबद्दल आहेत आणि पंच दोन आहेत. दहावा नियम अंपायरचा. तो माणसांचा न्याय करेल, कोण कुणाला ढकलतो, धरतो, पाडतो हे पाहील, नोंद ठेवील आणि गरज पडल्यास खेळाडूला बाहेर काढील. अकरावा नियम रेफ्रीचा. तो चेंडूचा न्याय करेल, म्हणजे चेंडू खेळात आहे की नाही, कुणाचा आहे, गोल झाला की नाही हे ठरवील आणि वेळ सांभाळील.

एक चेंडूचा पंच, एक माणसांचा पंच. नेस्मिथना पहिल्याच दिवशी कळलं होतं की ही दोन वेगळी कामं आहेत. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही हे डोळ्यांना दिसतं. माणसाने मुद्दाम पाडलं की धडक चुकून झाली, हे ओळखायला डोळ्यांबरोबर अक्कल आणि सचोटी लागते. पाचव्या नियमात तर त्यांनी हेतूचा विचारही केला होता. पहिली चूक फाउल. दुसऱ्या चुकीला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. पण इजा करण्याचा हेतू स्पष्ट दिसला तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर आणि बदली खेळाडूही नाही. आपल्याकडे काम आणि नियत यांतला फरक मदरशातल्या पोरालाही शिकवतात. नेस्मिथनी तो खेळाच्या कागदावर आणला.

खेळ वेगाने पसरला. स्प्रिंगफील्डपासून जवळच असलेल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये तिथे मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. मुलींना खेळायचं असेल तर आधी त्यांना सुखाने वावरता येईल अशी जागा लागते, हे त्या बाईंनी ओळखलं होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या अम्मींना हे समजावून सांगावं लागत नाही.

शिट्टीपर्यंतची शिडी

पुढे खेळाचा वेग वाढत गेला तसं पंचांचं काम अवघड होत गेलं. १९३२ मध्ये जिनिव्हात आठ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, तीच आजची फिबा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला तेव्हा म्हातारे नेस्मिथ तो पाहायला हजर होते. १९४६ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक लीग सुरू झाली, जिला आज एनबीए म्हणतात. तिथे अनेक वर्षं दोनच पंच असत. १९७८-७९च्या हंगामात तिसरा पंच आणून पाहिला, मग पुन्हा दोनवर आले आणि अखेर १९८८-८९ पासून तीन पंच कायम झाले. कारण साधं आहे. दहा धिप्पाड माणसं धावतात, चेंडू एकाकडे असतो आणि ढकलाढकली दुसरीकडे चालू असते. एक पंच रिंगखाली, एक मागे, एक बाजूला. प्रत्येकाचा मैदानाचा तुकडा ठरलेला. चांगला पंच चेंडूमागे डोळे पळवत नाही, आपल्या वाट्याचा तुकडा पाहतो. नवख्या पंचाला हीच सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

पंच कसा घडतो हे व्हायोलेट पामर यांच्या वाटचालीतून नीट समजतं. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीत त्या वाढल्या. कॉलेजच्या संघात पॉइंट गार्ड म्हणून खेळल्या आणि १९८५ व १९८६ मध्ये त्यांच्या संघाने आपल्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. नंतर हातात शिट्टी घेतली ती गल्लीतल्या हौशी सामन्यांत. मग शाळांचे सामने, कॉलेजांचे सामने, महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा. एकही पायरी गाळलेली नाही. १९९७ मध्ये एनबीएने त्यांना आणि डी कँटनर यांना घेतलं, तोवर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या पुरुष लीगमध्ये महिला पंच नव्हत्या. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी व्हँकुव्हरमध्ये पामर पहिल्यांदा मैदानात उतरल्या.

चार्ल्स बार्कलीसारख्या नामवंत खेळाडूने बायकांनी इथे येऊ नये असं उघड बोलून दाखवलं होतं. पामर यांनी वाद घातला नाही, शिट्टी वाजवत राहिल्या. २००६ मध्ये प्लेऑफच्या सामन्यात पंच होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २०१६ मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा निवृत्त झाल्या. तोवर त्यांचे ९०० हून अधिक सामने झाले होते आणि बार्कलीने आपली चूक मान्य केली होती.

ही शिडी जगभर साधारण सारखीच आहे. खाली मुलांचे सामने, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि शेवटी आंतरराष्ट्रीय परवाना. प्रत्येक पायरीवर नियमांची लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष सामन्यातलं निरीक्षण. निरीक्षक कोपऱ्यात बसून लिहीत असतो. पंच कुठे उभा होता, संकेत स्पष्ट दिले का, प्रशिक्षक ओरडला तेव्हा चेहरा कसा होता. आम्हा बीएड झालेल्या लोकांना यातलं काही नवीन नाही. पाठ घेताना मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक असंच लिहीत असत. फरक एवढाच की आमची परीक्षा एकदा पास झाली की संपते. पंचाला नियम बदलले की पुन्हा वाचावं लागतं.

जेव्हा पंचाला बाजूला सारलं

९ सप्टेंबर १९७२, म्युनिक ऑलिंपिक, अंतिम सामना. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. ऑलिंपिकमध्ये अमेरिका तोवर बास्केटबॉलचा एकही सामना हरलेली नव्हती. शेवटचे तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली. खेळ सुरू झाला, पण सोव्हिएत प्रशिक्षक टाइमआउट मागितल्याचं सांगत टेबलापाशी धावले आणि एक सेकंद उरला असताना सामना थांबला. तेव्हा फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि तीन बोटं दाखवून त्यांनी तीन सेकंद पुन्हा खेळायला लावले. चालू सामन्यात पंचांना हुकूम देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. घड्याळ नीट लावलेलं नसताना खेळ सुरू झाला, भोंगा वाजला आणि अमेरिकन खेळाडू नाचू लागले. मग तेच तीन सेकंद आणखी एकदा. या वेळी अलेक्झांडर बेलोव्हने गोल केला. निकाल ५१-५० सोव्हिएत संघाच्या बाजूने.

ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अपील समितीने ३ विरुद्ध २ मतांनी निकाल कायम ठेवला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं कधीच स्वीकारली नाहीत.

शीतयुद्धाचे दिवस होते. कोण खरं, कोण खोटं यावर अजूनही वाद होतात. मला मात्र ती न केलेली सही महत्त्वाची वाटते. पदावरचा मोठा माणूस खाली येऊन बोटं दाखवतो, पंचाच्या हातात फक्त पेन असतं आणि तेही तो चालवत नाही. निकाल बदलला नाही. पण जे घडलं ते नियमाने घडलं नाही, याची नोंद इतिहासात राहिली ती त्या कोऱ्या जागेमुळे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एनबीएचे पंच टिम डोनघी यांनी शिडी पूर्ण चढून तेरा हंगाम काम केलं होतं. २००७ मध्ये उघड झालं की ते सामन्यांवर सट्टा लावत आणि आतली माहिती जुगाऱ्यांना पुरवत. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी मुद्दाम निर्णय फिरवले हे सिद्ध झालं नाही. पण त्यानंतर अनेक वर्षं कुठल्याही पंचाने चुकीची शिट्टी वाजवली की प्रेक्षक डोनघीचं नाव घेत. एकाने विश्वास विकला, किंमत सगळ्यांनी दिली. परीक्षा, धावणं, अनुभव हे सगळं असूनही नियत नसेल तर वरची पायरी आणि खालची पायरी यांत फरक उरत नाही.

एका कापडाचा नियम

आता त्या स्कार्फकडे येतो. डोक्यावर काही घालू नये हा फिबाचा जुना नियम सुरक्षिततेच्या कलमातला होता. तो हिजाबसाठी लिहिलेला नव्हता. पण लागू झाला तेव्हा त्याची झळ ठरावीक लोकांनाच बसली. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाला हिजाब काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि मंगोलियाविरुद्धचा सामना न खेळताच गमावला.

बिल्किस अब्दुल कादिर या मुलीची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. हायस्कूलमध्ये तिने ३,००० हून अधिक गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलामुलींपैकी कुणीही तेवढे केले नव्हते. नंतर ती विद्यापीठाच्या संघातही हिजाब घालूनच खेळली. युरोपात व्यावसायिक म्हणून खेळायची वेळ आली तेव्हा याच नियमाने तिची वाट अडवली. आणि तिचं गाव कुठलं? स्प्रिंगफील्ड! जिथे हा खेळ जन्मला, तिथल्याच लेकीला खेळाच्या नियमाने बाहेर बसवलं.

तिने आणि तिच्यासारख्या अनेकींनी, शीख खेळाडूंनी, त्यांच्या संघटनांनी लिहिलं, बोललं, सह्या गोळा केल्या. फिबाने आधी दोन वर्षं चाचणी घेतली आणि मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात नियम बदलला. आता डोकं झाकता येतं. अटी आहेत. २०१७च्या नियमात रंग काळा, पांढरा किंवा गणवेशाच्या मुख्य रंगासारखा हवा होता, संघात सगळ्यांचा एकच. चेहरा झाकलेला नको, गळ्यापाशी उघडबंद करण्याचं काही नको, काही लोंबतं नको, कुणाला इजा होईल असं नको. आमच्या मुलीचा स्कार्फ या प्रत्येक अटीत बसत होता.

सगळीकडे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. फ्रान्सच्या महासंघाने २०२२च्या अखेरीस देशांतर्गत सामन्यांत हिजाबला मनाई केली. म्हणजे प्रश्न आता आंतरराष्ट्रीय नियमाचा उरलेला नाही, तो त्या त्या देशाच्या मनाचा आहे. आमच्याकडे निदान त्या दिवशी मनाचा प्रश्न नव्हता. फक्त कुणी पुस्तक उघडलं नव्हतं.

आपलं नागपाडा

हा खेळ आपला नाही, आपल्या मुलींचा तर नाहीच, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी नागपाड्याची आठवण करून देतो. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईतल्या या कामगार वस्तीत नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं. वाचनालय, वर्ग आणि खेळ. याच मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था उभी राहिली, जिला आज आपण टिस म्हणतो. नागपाड्याच्या गल्ल्यांतून बास्केटबॉलपटूंच्या पिढ्या निघाल्या. भारताचे कर्णधार गुलाम अब्बास मुंतसीर इथलेच, १९७० चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. वर्तमानपत्रांत नागपाडा बहुतेक वेळा पोलिसांच्या बातम्यांतच भेटतं. तिथल्या मैदानांचा इतिहासही आपणच सांगायला हवा.

खेळाडू आपण पुष्कळ दिले. पण नियम वाचणारे, टेबलावर बसणारे, शिट्टी हातात घेणारे किती दिले? आपल्या समाजाला मैदानात उतरण्याची हौस आहे, पण नियमाच्या कागदाजवळ जायचा कंटाळा आहे. मग कुणी येऊन "नियम आहे" म्हणालं की आपण मान खाली घालतो किंवा आवाज चढवतो. वाचून उत्तर देणारा तिसरा मार्ग असतो, तो आपल्याला आठवत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही, त्या दिवशीच्या मलाच सांगतो आहे.

नियमांचं पुस्तक फिबाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मी ते छापून घेतलं. इंग्रजी अवघड होतं. मी आणि ती मुलगी, आम्ही रोज मधल्या सुट्टीत दोन-दोन पानं उर्दू आणि मराठीत समजून घेतली. दहावीला गेली तोवर तिला कलमांचे क्रमांक तोंडपाठ होते. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत तिने स्वतः पंचांना कागद दाखवला होता. वेगळे पंच होते. त्यांनी वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "खेळ बेटा."

आज ती बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिल्ह्याच्या पंच शिबिरात गेली, लेखी परीक्षेत पास झाली, धावण्यात एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाली. शाळांच्या लहान गटांचे सामने तिला मिळू लागले आहेत. राज्य, राष्ट्रीय, पुढचं पुढे. शिडी लांब आहे आणि घरून रात्रीच्या प्रवासाची परवानगी अजून अवघड आहे. तिचे अब्बा सोबत जातात आणि गॅलरीत तसबीह घेऊन बसतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच शाळेचा सामना तिच्याकडे आला. एकाच गुणाचा फरक होता आणि अर्धं मिनिट उरलेलं. आमच्या मुलीने रिंगखाली समोरच्या मुलीला हाताने अडवलं. शिट्टी वाजली. हात वर, मूठ बंद. फाउल आमच्यावर. समोरच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि आम्ही हरलो.

आमच्या बाकावरून आरडाओरडा झाला. एक पालक मला म्हणाले, "सर, अपनी ही लड़की ने हरवाया." सूरह निसामधली न्यायाची आयत मी वर्गात कितीदा समजावली आहे, आपल्या माणसाच्या विरोधात गेलं तरी इन्साफ सोडू नका म्हणून. त्या क्षणी मात्र मलाही ती आठवली नाही. मलाही वाईटच वाटलं.

सामना संपल्यावर ती स्कोअरशीटवर सही करत होती. मी टेबलापाशी गेलो. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "सर, फाउल था ना?"

मी म्हणालो, "था, बेटा."

तिने सही पूर्ण केली.